मेंदू आणि मज्जासंस्थेच्या कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

निदान नुकतंच झालंय. ट्रायलची चौकशी कधी करायची?

ऑपरेशनच्या आधी. गाठीमुळे डोक्यात दाब वाढून पेशंट सुस्तावत चालला असेल तर ऑपरेशन आधी, बाकी सगळं नंतर. तिथे ट्रायलसाठी एक दिवसही थांबू नये. पण ऑपरेशनला आठ-दहा दिवस हातात असतील तर त्यातला एक दिवस चौकशीला द्यावा, कारण काही दारं ऑपरेशन थिएटरमध्येच बंद होतात. काही ट्रायलमध्ये ऑपरेशनच्या आधीचे काही दिवस औषध देतात आणि काढलेल्या गाठीत ते किती पोचलं हे मोजतात. गाठीविरुद्ध प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या लसीच्या काही ट्रायलना गाठीचा तुकडा ताजा, लगेच गोठवलेला लागतो. तो नेहमीसारखा फॉर्मॅलिनमध्ये गेला की संपलं. ऑपरेशनच्या वेळीच कारमुस्टिन या केमोच्या औषधाच्या चकत्या गाठीच्या पोकळीत ठेवल्या, तर पुढच्या बऱ्याच ट्रायल त्या एका कारणाने पेशंटला घेत नाहीत. सर्जनला हे आधीच विचारून ठेवावं.

त्यानंतर तीन वळणं येतात: ऑपरेशन आणि रेडिएशन यांच्या मधले काही आठवडे, रेडिएशन संपल्यावर पुढची केमो सुरू होण्याआधी, आणि गाठ परत वाढली तेव्हा. प्रत्येक वळणावरच्या ट्रायल वेगळ्या असतात. टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची पहिली गोळी घेतली की ‘नव्याने निदान झालेल्या’ पेशंटसाठीच्या पुष्कळ ट्रायल बाद होतात, आणि ही गोष्ट लोकांना बहुतेक वेळा गोळी घेतल्यानंतर कळते.

रिपोर्टवर ‘हाय ग्रेड ग्लायोमा’ लिहिलंय. एवढ्यावर ट्रायल शोधता येईल का?

नाही. ग्लायोमा म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून निघणारी गाठ, ‘हाय ग्रेड’ म्हणजे वेगाने वाढणारी. ते आडनाव झालं, नाव अजून कळायचंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात २०१६ पासून, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कशी दिसते याच्या जोडीला, जनुकांच्या तपासण्याही निदानाचा भाग झाल्या आणि २०२१ च्या बदलात त्यांचं वजन आणखी वाढलं. प्रौढांच्या ग्लायोमात पहिला प्रश्न आयडीएच जनुकात बदल आहे का, हा. बदल नसेल आणि गाठ आक्रमक असेल तर ग्लायोब्लास्टोमा. बदल असेल आणि १पी व १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही तुकडे गायब असतील तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. ते जागेवर असतील तर ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड २, ३ किंवा ४.

याचा व्यवहारात परिणाम असा, की २०२१ च्या आधीच्या रिपोर्टवर ‘ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच म्युटंट’ असं निदान असेल तर आज त्याच गाठीला ॲस्ट्रोसायटोमा ग्रेड ४ म्हणतात. जुनं नाव घेऊन शोधत बसलात तर चुकीच्या ट्रायलच्या दारात उभे राहाल. उलटही होतं. दिसायला सौम्य गाठ, आयडीएच बदल नाही, पण टर्ट प्रोमोटरमध्ये बदल किंवा ईजीएफआर जनुकाच्या जादा प्रती सापडल्या, तर प्रौढांमध्ये ती ग्लायोब्लास्टोमाच धरतात.

रिपोर्टमध्ये या गोष्टी आहेत का ते बघा: आयडीएच, १पी/१९क्यू, एमजीएमटी मिथायलेशन, सीडीकेएन२ए/बी, टर्ट, ईजीएफआर, बीआरएएफ व्ही६००ई, आणि गाठ मेंदूच्या मध्यरेषेवर किंवा मज्जारज्जूत असेल तर एच३ के२७एम. एक खाच लक्षात ठेवा. आयडीएचची नेहमीची रंगतपासणी त्यातला सगळ्यांत जास्त आढळणारा एकच बदल पकडते. पेशंट ५५ वर्षांच्या आतला असेल आणि ती तपासणी निगेटिव्ह आली, तर जनुकांचं सिक्वेन्सिंग झालंय का हे विचाराच.

‘ब्लॉक पाठवा’ म्हणतात. ब्लॉक म्हणजे काय?

ऑपरेशनमध्ये काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळीदार डबी, तिच्यावर मेणाचा ठोकळा, मेणात करड्या-तपकिरी रंगाचा कण आणि कडेला पेन्सिलीने किंवा छापून लिहिलेला नंबर, असं त्याचं रूप असतं. या ठोकळ्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतले की स्लाइड झाली. ट्रायलला एकतर पूर्ण ब्लॉक लागतो किंवा न रंगवलेल्या दहा-वीस स्लाइड.

इथे अडतं ते असं. बायोप्सी सुईने झालेली असेल तर मुळात तुकडाच तांदळाच्या दाण्याएवढा, आणि आधीच्या तपासण्यांत तो संपून गेलेला असतो. कधी ब्लॉकमध्ये जिवंत गाठीपेक्षा मेलेल्या पेशीच जास्त निघतात. कधी पॅथॉलॉजी लॅब ब्लॉक द्यायला का-कू करते, कारण तो सांभाळून ठेवणं ही त्यांची जबाबदारी असते. म्हणून लेखी अर्ज लगेच द्या, ब्लॉकचा नंबर पॅथॉलॉजी रिपोर्टवरून उतरवून घ्या, आणि ‘ज्यात गाठीचा अंश सगळ्यांत जास्त आहे तो ब्लॉक’ असं अर्जात स्पष्ट लिहा. दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं असेल तर ट्रायलला जुना तुकडा हवा की नवा, तेही विचारून घ्या.

ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेण वितळतं.

ट्रायल शोधायची कुठे?

सगळ्यांत मोठी सार्वजनिक नोंदवही म्हणजे क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह. तिथल्या प्रत्येक ट्रायलला ‘एनसीटी’ आणि पुढे आठ आकडे असा नंबर असतो. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीटीआरपी ही शोधखिडकी अनेक देशांच्या नोंदवह्या एकत्र दाखवते. शिवाय बऱ्याच देशांची स्वतःची नोंदवही असते. डॉक्टरांशी बोलताना ट्रायलचं नाव सांगण्यापेक्षा नंबर सांगा. एकाच औषधाच्या पाच-सात ट्रायल चालू असू शकतात.

नोंदीतली ‘स्थिती’ नीट वाचा. ‘रिक्रूटिंग’ म्हणजे पेशंट घेणं चालू आहे. ‘नॉट येट रिक्रूटिंग’ म्हणजे अजून सुरुवात व्हायची आहे. आणि ‘ॲक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ यातला ‘ॲक्टिव्ह’ शब्द वाचून लोक हुरळून जातात, पण त्याचा अर्थ आत घेतलेल्यांवर उपचार किंवा देखरेख चालू आहे, नवीन कोणाला घेत नाहीत. शेवटचं अपडेट कधीचं आहे तेही बघा. आणि ट्रायल ‘रिक्रूटिंग’ असली तरी तुमच्याजवळच्या केंद्रावर जागा असेलच असं नाही, कारण प्रत्येक केंद्राची स्थिती वेगळी लिहिलेली असते. खात्री फक्त त्या केंद्राच्या ट्रायल कोऑर्डिनेटरकडून मिळते.

शोधताना ‘ब्रेन कॅन्सर’ एवढंच टाकू नका. गाठीचं नेमकं नाव टाका, मग जनुकबदल टाकून पुन्हा शोधा. बीआरएएफ, एनटीआरके यांसारख्या बदलांसाठी शरीरात कुठेही गाठ असलेल्यांना घेणाऱ्या ट्रायल असतात. त्यांच्या शीर्षकात मेंदूचा उल्लेखही नसतो.

फेज १, २, ३ मध्ये आमच्यासाठी फरक काय?

फेज १ मध्ये प्रश्न असतो डोस किती झेपतो. जुनी पद्धत अशी: एका डोसवर तीन पेशंट, कोणाला गंभीर त्रास नाही तर पुढचे तीन वरच्या डोसवर; एकाला त्रास झाला तर त्याच डोसवर आणखी तीन; सहांपैकी दोघांना झाला तर तो डोस जास्त ठरतो. हे निरीक्षण बहुधा पहिल्या २८ दिवसांचं असतं. यामुळे फेज १ मध्ये जागा एकेक करून उघडते. ‘सध्या जागा नाही, तीन आठवड्यांनी फोन करा’ हे उत्तर टाळाटाळीचं नसतं.

फेज २ मध्ये औषधाचा परिणाम दिसतो का ते बघतात. फेज ३ मध्ये सध्याच्या सर्वमान्य उपचाराशी थेट तुलना असते, त्यामुळे पेशंट शेकड्यांनी लागतात. अलीकडे काही ट्रायलमध्ये एकाच आराखड्यात अनेक औषधं तपासतात आणि निष्प्रभ दिसलेलं औषध मध्येच बंद करतात. ग्लायोब्लास्टोमासाठी २०१९ पासून चालू असलेली जीबीएम एजाइल ही तशीच.

मला नुसती साखरेची गोळी दिली तर?

ही भीती सगळ्यांत जास्त आणि बऱ्याच वेळा विनाकारण. ज्या आजाराला सर्वमान्य उपचार आहे तिथे तो बंद करून फक्त प्लासिबो देत नाहीत. तुलना बहुधा ‘नेहमीचा उपचार अधिक नवीन औषध’ विरुद्ध ‘नेहमीचा उपचार’ किंवा ‘नेहमीचा उपचार अधिक प्लासिबो’ अशी असते. फक्त प्लासिबो येतो तो जिथे एरवीही नुसती देखरेखच ठेवली असती तिथे. व्होरासिडेनिबची ट्रायल तशी होती: आयडीएच बदल असलेल्या ग्रेड २ च्या गाठी, फक्त ऑपरेशन झालेलं, केमो-रेडिएशन नाही, ३३१ पेशंट. औषधाच्या गटात गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा काळ मध्यक (अर्ध्या पेशंटमध्ये याहून जास्त) २७.७ महिने, प्लासिबोच्या गटात ११.१ महिने. प्लासिबोवरच्यांची गाठ वाढली की त्यांना औषध घेण्याची मुभा होती. निकाल २०२३ मध्ये आला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्यता दिली.

कोण कोणत्या गटात जाणार हे कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टरला गळ घालून उपयोग नाही. विचारायचं ते हे: गट किती, वाटणी एकास एक की दोनास एक, आणि गाठ वाढली तर दुसऱ्या गटातलं औषध मिळतं का?

पात्रतेच्या अटी कोणत्या असतात?

निदान आणि वय सोडलं तर नेहमी येणाऱ्या अटी अशा. कार्नोफ्स्की गुण, म्हणजे पेशंट रोजचं किती स्वतः करू शकतो याचे शंभरपैकी गुण, बहुधा किमान ६० किंवा ७० हवेत. ७० म्हणजे स्वतःचं सगळं स्वतः करतो पण कामधंदा जमत नाही; ६० म्हणजे अधूनमधून मदत लागते. रक्तात न्यूट्रोफिल बहुधा १,५०० च्या वर, प्लेटलेट १ लाखाच्या वर, बिलिरुबिन सामान्य मर्यादेच्या दीडपटीच्या आत, क्रिएटिनिन ठीक. एमआरआय करता आला पाहिजे, म्हणजे जुना पेसमेकर किंवा एमआरआयला न चालणारी क्लिप असेल तर अडचण. गाठ परत आलेल्यांच्या ट्रायलमध्ये पुष्कळदा ‘मोजता येणारी’ गाठ लागते: कॉन्ट्रास्टने उजळणारा भाग दोन्ही दिशांना किमान १० मिलीमीटर. सर्जनने सगळी गाठ काढली म्हणून अशा ट्रायलला अपात्र ठरलेले पेशंट असतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

कार्नोफ्स्की गुण देणाऱ्याच्या नजरेवर थोडे अवलंबून असतात. म्हणून तपासणीच्या दिवशी पेशंट ‘मी एकदम ठणठणीत’ म्हणतो आणि घरचे गप्प बसतात, तेव्हा नुकसान पेशंटचंच होतं. दोन आठवड्यांत तब्येत घसरली तर तो ट्रायलमधूनही बाहेर आणि मधल्या काळात दुसरा उपचारही नाही. आंघोळ, कपडे, जिना, पैशाचा हिशेब यांत काय जमतं आणि काय नाही ते जसंच्या तसं सांगा.

स्टेरॉइडवर एवढा भर का?

डेक्सामेथासोन मेंदूची सूज उतरवतं, पण रोगप्रतिकारशक्तीही दाबतं. इम्युनोथेरपी, लस किंवा सीएआर-टी पेशी (गाठीवर हल्ला करायला प्रयोगशाळेत बदललेल्या प्रतिकारपेशी) यांचं काम त्याच शक्तीवर चालतं. म्हणून अशा ट्रायलमध्ये ‘दिवसाला ४ मिलीग्रॅमपेक्षा कमी’ किंवा ‘२ मिलीग्रॅमपेक्षा कमी’ अशी अट येते. दुसरं कारण एमआरआयचं. डोस वाढवला की कॉन्ट्रास्टने उजळणारा भाग आपोआप लहान दिसतो, कमी केला की मोठा. म्हणून एमआरआयच्या आधी किमान ५ ते ७ दिवस डोस स्थिर हवा.

ट्रायलसाठी म्हणून स्टेरॉइड स्वतःच्या मनाने कमी करू नका. एकदम बंद केलं तर सूज परत येते, शिवाय शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असल्याने रक्तदाब कोसळू शकतो. पायरीपायरीने कमी करण्याचं वेळापत्रक डॉक्टरकडून लिहून घ्या. रोजचा डोस तारखेसह वहीत टिपून ठेवला तर कोऑर्डिनेटरचं अर्धं काम होतं.

फिटच्या गोळ्या बदलाव्या लागतील का?

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन चालू असेल तर शक्यता मोठी. ही औषधं यकृतातली एन्झाइम वाढवतात, मग ट्रायलचं औषध शरीरातून लवकर निघून जातं आणि डोस अपुरा पडतो. बहुधा लेव्हेटिरासेटामवर आणतात आणि मध्ये साधारण दोन आठवडे जाऊ देतात. हे दोन आठवडे हिशेबात धरा. पात्रता तपासायला जाण्याआधीच न्यूरोलॉजिस्टशी बोललात तर ते फुकट जात नाहीत. वनौषधी आणि पूरक गोळ्यांनाही हाच न्याय लागू: सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती तेच एन्झाइम वाढवते, द्राक्षफळाचा म्हणजे ग्रेपफ्रूटचा रस ते दाबतो. घेत असाल ते सगळं सांगा, बाटली घेऊन जा. लपवलेली गोळी रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्रास म्हणून उमटते आणि दोष ट्रायलच्या औषधावर जातो.

‘वॉशआउट’ आणि तारखांचा हिशेब कसा करायचा?

आधीच्या उपचाराचा परिणाम ओसरायला द्यायचा काळ म्हणजे वॉशआउट. साध्या केमोला बहुधा ४ आठवडे. लोमुस्टिनला ६, कारण त्याने रक्तपेशी उशिरा, चार-सहा आठवड्यांनी घसरतात. मोठ्या ऑपरेशननंतर बेव्हासिझुमॅब (गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध) द्यायचं असेल तर २८ दिवस, नाहीतर जखम भरत नाही. रेडिएशननंतर बहुतेक १२ आठवडे.

एक उदाहरण मांडू. रेडिएशन संपलं ३१ जानेवारीला. टेमोझोलोमाइडची दुसरी फेरी ६ ते १० एप्रिल. २० एप्रिलच्या एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली. ट्रायलची अट: रेडिएशननंतर १२ आठवडे, केमोनंतर २८ दिवस, एमआरआय औषध सुरू होण्याआधी १४ दिवसांच्या आत, रक्ताचे रिपोर्ट ७ दिवसांच्या आत. रेडिएशनचे ८४ दिवस (लीप वर्ष नाही असं धरून) २५ एप्रिलला भरतात. केमोचे २८ दिवस मोजायचे शेवटच्या गोळीपासून, फेरीच्या पहिल्या दिवसापासून नव्हे. म्हणजे ८ मे. मग २० एप्रिलच्या एमआरआयची मुदत ४ मेलाच संपते, आणि तो १२ आठवड्यांच्या आतला असल्याने वाढ खरी धरतील की नाही हाही प्रश्न. २८ एप्रिलला नवा एमआरआय काढला तर दोन्ही अडचणी सुटतात, आणि रक्त १ मेच्या आधी काढायचं नाही. हा हिशेब कागदावर मांडा. फोनवर बोलताना हमखास चुकतो.

कोणते कागद पाठवायचे?

ऑपरेशनची नोट, पॅथॉलॉजी आणि जनुकांचे पूर्ण रिपोर्ट (डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ चालत नाही), रेडिएशनचा सारांश, केमोच्या फेऱ्या आणि डोस तारखांसह, चालू औषधांची यादी, अलीकडचं रक्त. रेडिएशनच्या सारांशात एकूण ग्रे (रेडिएशनची मात्रा मोजण्याचं एकक), किती बैठका आणि शेवटची तारीख हवी. ग्लायोब्लास्टोमात नेहमीचा आकडा ३० बैठकांत ६० ग्रे. गाठ रेडिएशनच्या क्षेत्रात वाढली की बाहेर हे ठरवायला प्लॅनची फाइलही मागू शकतात.

एमआरआयची फिल्म किंवा मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो कामाचा नाही. मूळ डायकॉम फाइल लागतात, सीडीवर किंवा लिंकने. ऑपरेशनच्या आधीचा, ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आतला, रेडिएशननंतरचा पहिला आणि सगळ्यांत ताजा, असे चार तरी पाठवा. सीडी पाठवण्याआधी घरी उघडून बघा. रिकामी किंवा दुसऱ्याच पेशंटची निघाल्याचे प्रकार कमी नाहीत.

पेशंटला बोलता येत नाही, गोंधळ होतो. संमती कोण देणार?

मेंदूच्या आजारात हा प्रश्न येतोच. बोलणं गेलं म्हणजे समज गेली असं नाही. डाव्या मेंदूतल्या गाठीत वाचा अडली तरी ‘हो-नाही’ पक्कं कळत असू शकतं. म्हणून आधी डॉक्टर समज तपासतात: ट्रायल कशाची, धोका काय, नको म्हटलं तर काय होईल, हे पेशंट स्वतःच्या पद्धतीने सांगू शकतो का. तसं नसेल तर कायद्याने मान्य प्रतिनिधी सही करतो, मात्र ट्रायलच्या आराखड्यात आणि नीतिसमितीच्या मंजुरीत तशी मुभा असेल तरच. काही ट्रायल पेशंटची स्वतःचीच संमती मागतात. वाचता येत नसेल तर संमती वाचून दाखवताना तटस्थ साक्षीदार हवा.

संमतीपत्र वीस-तीस पानांचं असतं. घरी न्या, रात्री वाचा, दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारा. चार गोष्टींवर खूण करा: नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळं आणि जास्तीचं काय, इजा झाली तर उपचाराचा खर्च कोणाकडे, गाठीचा तुकडा आणि जनुकांची माहिती पुढे कुठे वापरणार, आणि रात्री-बेरात्री फोन कोणाला करायचा. सही केलेली प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

खर्च कोण करतं?

ट्रायलचं औषध आणि फक्त ट्रायलसाठी केलेल्या तपासण्या यांचा खर्च सहसा प्रायोजक करतो. एरवीही केला असता तो एमआरआय, रेडिएशन, नेहमीची केमो हे पेशंट किंवा विम्याच्या खात्यात पडू शकतं. देशादेशांत नियम वेगळे. प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळतो का हे स्पष्ट विचारा. फेज १ च्या पहिल्या महिन्यात आठवड्यातून एक-दोनदा जावं लागतं आणि काही दिवशी दर दोन तासांनी रक्त काढतात. फिट येणाऱ्या पेशंटला गाडी चालवता येत नाही, म्हणजे सोबत माणूस प्रत्येक वेळी.

‘ट्रायलमध्ये घेतो, आधी पैसे भरा’ म्हणणारं केंद्र भेटलं तर नोंदणी क्रमांक, नीतिसमितीची मंजुरी आणि संमतीपत्र मागा. नुसता नोंदणी क्रमांक असणं ही गुणवत्तेची पावती नाही. तुलनेचा गट नाही, डोस बदलला तर कशामुळे ते लिहिलेलं नाही आणि बिल मात्र तयार आहे, अशा ठिकाणाहून उठून यावं.

ट्रायलमध्ये असताना एमआरआयवर गाठ वाढलेली दिसली. आता बाहेर काढणार?

लगेच नाही. रेडिएशन आणि केमोनंतर पहिल्या १२ आठवड्यांत गाठीच्या जागी सूज येऊन उजळलेला भाग मोठा दिसू शकतो; त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, म्हणजे वाढल्याचा भास. रानो नावाचे मोजमापाचे नियम २०१० साली आले ते बरंचसं याचसाठी, आणि २०२३ मध्ये ते सुधारले गेले. त्या १२ आठवड्यांत उजळलेला भाग रेडिएशनच्या क्षेत्राबाहेर नव्याने दिसला, किंवा तुकडा काढून खात्री केली, तरच वाढ पक्की धरतात. एरवी चार-आठ आठवड्यांनी पुन्हा एमआरआय. त्यानंतरच्या काळात दोन लंब व्यासांचा गुणाकार २५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढला तर वाढ, ५० टक्के किंवा त्याहून जास्त घटला तर प्रतिसाद. इम्युनोथेरपीतही असा भास होतो. दरवेळी शक्यतो त्याच मशीनवर एमआरआय काढा. मशीन बदललं की काप बदलतात आणि दोन मिलीमीटरचा फरक उगाच झोप उडवतो.

मुलांच्या ट्रायल वेगळ्या असतात का?

बहुतेक हो. मुलांच्या गाठींची जीवशास्त्रीय घडणच वेगळी असते. लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा गाठीचे डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४ असे उपप्रकार आहेत आणि ट्रायल त्यानुसार असतात. मेंदूच्या देठातल्या डीआयपीजी गाठीत साधारण ५४ ग्रे रेडिएशन देतात, आणि पुष्कळ ट्रायल रेडिएशन संपल्यानंतरच्या मोजक्या आठवड्यांतच, गाठ पुन्हा वाढण्याआधी, मूल घेतात. म्हणून रेडिएशन चालू असतानाच कागद पाठवावेत. एच३ के२७एम बदल असलेल्या, उपचारानंतर पुन्हा वाढलेल्या गाठीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये डॉर्डाव्हिप्रोनला एफडीएची त्वरित मान्यता मिळाली, एक वर्ष आणि त्यावरच्या सर्वांसाठी. बीआरएएफ बदलाच्या ग्लायोमासाठी डाब्राफेनिब-ट्रामेटिनिब (२०२३) आणि टोव्होराफेनिब (२०२४) आली. न्यूरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर गाठी येणारा जनुकीय आजार) असलेल्या मुलांसाठी सेल्युमेटिनिब २०२० मध्ये.

न्यूरोब्लास्टोमा मज्जासंस्थेतूनच निघतो पण बहुधा पोटात असतो; त्याच्या ट्रायल मेंदूच्या यादीत शोधू नका, वेगळ्या नावाने शोधा. आणखी एक: लकव्यामुळे चालता न येणारं पण चाकाच्या खुर्चीत हिंडणारं मूल बऱ्याच ट्रायलमध्ये हिंडतं-फिरतंच धरलं जातं. ‘चालत नाही’ म्हणून आपणच नाव मागे घेऊ नका.

कॅन्सर दुसरीकडचा आहे आणि मेंदूत पसरलाय. मग?

अशा पेशंटना पूर्वी सरसकट वगळायचे. आता खास त्यांच्यासाठीही ट्रायल आहेत. अट बहुधा ‘स्थिर’ मेटास्टॅसिसची असते, म्हणजे रेडिएशन किंवा ऑपरेशन झालंय आणि काही आठवडे वाढ नाही. मेंदूच्या आवरणांत पसरलेल्या कॅन्सरसाठी पाठीच्या पाण्याची तपासणी लागते, ती आधीच करून ठेवा. फुप्फुस आणि स्तनाच्या कॅन्सरच्या अशा पेशंटमध्ये मेंदू व संपूर्ण मज्जारज्जूला प्रोटॉन रेडिएशन दिल्यावर चेतासंस्थेतला आजार ७.५ महिने आटोक्यात राहिला, नेहमीच्या रेडिएशनने २.३ महिने. हा २०२२ चा निकाल ट्रायलमधूनच आला.

खरं सांगा, याने बरं वाटतं का?

बहुतेक औषधं अपेक्षा पुरी करत नाहीत. पुन्हा वाढलेल्या ग्लायोब्लास्टोमात निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची बेव्हासिझुमॅबशी तुलना केली तेव्हा आयुर्मान ९.८ आणि १० महिने, म्हणजे फरकच नाही. दुसरी बाजूही आहे. आज जगभर देतात तो रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइडचा उपचार २००५ च्या ५७३ पेशंटच्या ट्रायलमधून आला: मध्यक आयुर्मान १२.१ वरून १४.६ महिने, आणि दोन वर्षांनी हयात असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के. ट्रायलमध्ये जाताना ‘हे औषध मला बरं करणार’ ही अपेक्षा फेज १ मध्ये तर मुळीच धरू नये. बारकाईची देखरेख नक्की मिळते. तिचा फायदा काहींना वाटतो, काहींना तिचाच शीण येतो.

मध्येच सोडता येतं का?

कधीही, कारण न सांगता. नेहमीच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. मात्र औषध थांबवणं आणि देखरेख थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध नको असेल तरी महिन्या-दोन महिन्यांनी तब्येतीची विचारपूस करू द्यायला हरकत नसेल तर तसं लिहून द्या. सीएआर-टी किंवा जनुकीय विषाणूच्या ट्रायलमध्ये देखरेख अनेक वर्षांची असते, हे आधीच विचारात घ्या.

कुठेच बसलो नाही तर?

‘स्क्रीन फेल’ म्हणजे कायमचा नकार नव्हे. कारण लेखी मागा. प्लेटलेट ९२ हजार होत्या म्हणून नकार आला असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासता येतं. एका आठवड्यात स्टेरॉइड ६ वरून ४ मिलीग्रॅमच्या खाली आलं तर तेही. जनुकबदल जुळत नसेल तर मात्र वेळ न दवडता दुसरी ट्रायल बघा. ट्रायल बंद झाली असेल पण औषधाचा परिणाम आशादायक असेल, तर काही कंपन्या ट्रायलबाहेर औषध देतात, त्याला एक्स्पांडेड ॲक्सेस किंवा कंपॅशनेट यूज म्हणतात. अर्ज पेशंटला करता येत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरने कंपनीकडे आणि औषध नियंत्रकाकडे करायचा असतो. मंजुरीला दिवस लागतात आणि मधल्या काळात नेहमीचा उपचार चालू ठेवायचा की थांबवायचा, हे त्याच डॉक्टरकडून अर्ज करतानाच ठरवून घ्या, कारण त्या औषधालाही स्वतःचा वॉशआउट असतो.